पहिल्या दाबाला थांबणारी गाडी

२ मार्च

ती. ताईस,

ढब्बूचा वाकून नमस्कार. कंबर परवानगी देते तेवढाच वाकलोय, बाकीचा मनाने.

आपली गाडी नापास झाली. चौतीस वर्षं मी पोरांना गणितात नापास केलं, त्याचा सूड कुणीतरी उगवला म्हणायचा.

पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना रस्त्यावर राहायचं तर आता तपासणी पास व्हावी लागते, हे तुला मागे लिहिलंच होतं. तर काल तिथे गेलो. आवारात एक सरळ पट्टा आखलाय. चाळीसच्या वेगाने यायचं, पांढरी रेघ आली की ब्रेक दाबायचा आणि पुढे आखलेल्या चौकटीत गाडी उभी करायची. चौकट तशी ऐसपैस आहे. मी चौकटीच्या पुढे गेलो. किती पुढे, ते महत्त्वाचं नाही.

साहेबांनी कागदावर लिहून दिलं: ब्रेक अशक्त, थांबताना डावीकडे ओढते, शॉकॲब्सॉर्बर मेलेले, मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेले, गाडी एका अंगाला कललेली. मी त्यांना नीट समजावलं, की साहेब, हा दोष नव्हे, हा हिचा स्वभाव. ब्रेक तीनदा मागावा लागतो. पहिल्या दाबाला ती ऐकून घेते, दुसऱ्याला विचार करते, तिसऱ्याला थांबते. डावीकडे जाणार हे माहीत असतं, म्हणून आपण आधीच स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवायचं. जन्मापासून अशीच आहे. सेहेचाळीस वर्षं माझ्या हातात आहे, मला नाही कळणार तर कुणाला? साहेब म्हणाले, "मग स्वभाव बदलून आणा. अठ्ठावीस एप्रिलला शेवटची संधी. तेव्हा नापास झाली तर नोंदणी रद्द, गाडी थेट भंगारात."

ताई, भंगारात! बाबांची गाडी गं. बाबांच्या हाताची म्हणावी अशी ती एकच वस्तू घरात उरली आहे. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे नेऊन टाकली आहे. तू एकदा खाली येऊन तिला बघून जा. न जाणो.

तुझा,
ढब्बू

ता. क. वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घुसडते. किती पुढे, ते महत्त्वाचं आहे. साहेब उठून पळाले म्हणून वाचले. त्यांची खुर्ची वाचली नाही.


९ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. त्यातले निम्मे मेस्त्रीला दे, त्याला जास्त लागतील.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. जन्मापासून? तिच्या जन्माच्या वेळी तू अर्ध्या चड्डीत होतास. बाबांनी गाडी आणली तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि माझं लग्न होईपर्यंतची दोन वर्षं बाबांच्या खालोखाल ती मीच चालवली. बाजार, दवाखाना, काकूला आणणं-पोचवणं, सगळं. ती पहिल्या दाबाला थांबायची. सरळ रेघेत. स्टिअरिंगला दोन बोटं लावली तरी पुरायचं.

मी आठवणीवर विसंबून बोलत नाही. इथे वेधशाळेत अडतीस वर्षं पाऊस आणि वारा मोजून वहीत लिहिला, पण वही ठेवायची सवय त्याच्याही आधीची. गाडीचीसुद्धा वही होती. कपाटाच्या वरच्या फळीवर सापडली. त्यातलं उतरवून देते: "उतारावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला, थांबली. मागच्या सीटवर काकूची अंड्यांची पिशवी होती, एकही फुटलं नाही." वाच परत एकदा.

आणखी एक. बाबा तिला हरणी म्हणायचे. तू शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिला बदक म्हणतोस, असं वहिनीने मागे कळवलं होतं. हरणीचं बदक कुणी केलं, याचा जरा शांतपणे विचार कर.

येणं काही जमणार नाही. गुडघा कुरकुरतो, बस लागते. शिवाय गाड्यांत मला आता रस राहिलेला नाही.

मेस्त्रीने काय काय उघडलं ते सविस्तर लिही. पुढच्या चाकांचे ब्रेक सिलेंडर बघायला सांग. उजवीकडचा अडकला असणार, म्हणून ती डावीकडे जाते.

तुझी ताई


२० मार्च

ती. ताईस,

नमस्कार. रस राहिलेला नाही म्हणतेस आणि सिलेंडरची चौकशी करतेस, कमाल आहे तुझी.

उजवीकडचा अडकलेलाच निघाला. टेकडीवर बसून बाईंना कसं कळलं, म्हणून मेस्त्री विचारत होता. मी म्हटलं, तिला वाऱ्यावरून अंदाज येतो.

हा मेस्त्री तोंडाने फारसा बोलत नाही. खडूने बोलतो. जो भाग गेला त्याच्यावर फुली. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं उतरवली, आणि मी बघतो तर खालून नुसत्या फुल्याच फुल्या. माझ्या वर्गातल्या ढ पोरांचे पेपर आठवले आणि पहिल्यांदाच त्यांच्या आईबापांची दया आली. ब्रेकच्या लायनर इतक्या झिजल्या होत्या की आतले रिव्हेट ड्रमला घासत होते. शॉकॲब्सॉर्बर हातात घेऊन मेस्त्रीने दाबला, तो आत गेला तो बाहेर यायचं नावच घेईना. सगळे रबरी बुश वाळून कडक झालेले. मागच्या उजव्या पाट्यातली दोन पानं तुटलेली, म्हणून गाडी माझ्या बाजूला कलायची. मी ती उशी घेऊन बसायचो ना एका कुल्ल्याखाली, ती त्यासाठीच. (हा शब्द लिहू नका असं घरातून सांगण्यात आलंय. पण उशी दुसरीकडे कुठे ठेवणार?)

नवे सिलेंडर बसवून झाले, मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला एक माणूस चाकापाशी लागतो आणि एक पेडलवर. मेस्त्रीने मला पेडलवर बसवलं. म्हणाला, "दाबा आणि धरून ठेवा." मी सवयीने तीनदा दाबलं. "एकदाच, मास्तर." परत तीनदा. चौथ्या खेपेला ब्रेकचं तेल त्याच्या चष्म्यावर उडालं. तो उठला, चष्मा पुसला आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर खडूने लिहिलं: वहिनींना बोलवा. तिने येऊन चारही चाकांचं काम दहा मिनिटांत उरकलं.

तुझ्या वहीबद्दल म्हणशील तर तरुणपणचं सगळंच माणसाला गोड दिसतं. अंडी उकडलेली असतील.

तुझा,
ढब्बू


२७ मार्च

चि. ढब्बूस,

अंडी कच्ची होती. काकूने त्याच संध्याकाळी मोजून घेतली, तीही माझ्यादेखत.

बुश बदलून झाल्यावरच चाकांची जुळणी करायला सांग, आधी केली तर फुकट जाईल. पाटे बसवले की गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही कोपऱ्यांची उंची मोज. गणिताच्या मास्तराच्या घरात टेप असेलच. ती उशी फेकून दे.

गुडघा तसाच आहे. टेकडीवर वारा फार. बाकी इकडे विशेष काही नाही.

एक विचारू? सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ती अजूनही दोनदा खाकरून मग एकदम गप्प होते का? बाबा म्हणायचे, थांब, हिला घसा साफ करू दे. सहज आठवलं म्हणून विचारलं.

तुझी ताई


५ एप्रिल

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. घात झाला. मेस्त्रीने गाडी बिघडवून ठेवली.

परवा गाडी घरी आली. मेस्त्री म्हणाला, "झाली." मडगार्डवर हात ठेवून त्याने ती खाली दाबली, एकदा वर आली आणि तिथेच शांत. पूर्वी कशी पाच-सहा वेळा खालीवर व्हायची, बघणाऱ्याला बरं वाटायचं. म्हटलं असो. टेपने चारही कोपरे मोजले, सगळे सारखे. मीच तेवढा तिरका बसलेलो.

बाजारातून आलो, फाटकातून आत घेताना नेहमीसारखं स्टिअरिंग उजवीकडे धरलं, तर गाडी खरंच उजवीकडे गेली! समोर फाटकाचा खांब. नेहमीसारखा ब्रेक तीनदा हाणला, तर पहिल्याच दणक्याला गाडी जागच्या जागी खिळली आणि मागच्या फळीवरचे दोन किलो टोमॅटो तुझ्या वहिनीच्या खांद्यावरून समोरच्या काचेवर. काच लालभडक. आख्खी गल्ली धावत आली. टोमॅटो आहेत म्हटल्यावर काहींचा चक्क हिरमोड झाला.

काल परत काढली. तीन गल्ल्या गेलो ते उचकी लागल्यासारखा. मी नुसता विचार करतो तर ही थांबते. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमले. खड्डा आला की मी सवयीने उडतो, पण गाडी उडतच नाही, मी एकटाच उडतो. डोक्याला टेंगूळ आलंय.

मेस्त्रीकडे जाऊन शांतपणे सांगितलं, बाबा रे, थोडे सैल कर. पहिले दोन दाब मोकळे जाऊ देत, तिसऱ्याला लागू दे. आणि जमलं तर डावीकडची ओढ थोडी परत घाल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हातातला खडू खाली ठेवला. नाही म्हणतो! अठ्ठावीस तारीख तोंडावर आली, हिला घेऊन मी त्या पट्ट्यावर कसा जाऊ? आता मीच पाना घेऊन बघणार आहे.

हवालदिल,
ढब्बू


८ एप्रिल

माननीय ताईसाहेब,

आपली ओळख नाही. मी गाडीचा मेस्त्री. आपला पत्ता वहिनींनी दिला. मला खडूची सवय, पेनने लिहायला बसलोय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

गाडी ठणठणीत आहे. तीस वर्षं हे काम करतोय, पण माझ्या हातून इतकं मनासारखं काम क्वचित झालंय. मी स्वतः चाळीसवर नेऊन एकदाच ब्रेक दाबून बघितला. सरळ थांबली. तीनदा बघितलं, तिन्ही वेळा तशीच.

मास्तर मात्र ठीक नाहीत. म्हणजे तब्येत उत्तम आहे. पण त्यांचे हातपाय जुन्या गाडीचे आहेत. गाडीचा प्रत्येक झिजलेला भाग मी बदलला, मास्तरांचा पाय कुठून आणू? काल ते पाना घेऊन आले आणि म्हणाले, तुला जमत नसेल तर मी सैल करतो. नीट झालेले ब्रेक बिघडवून मागणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पाना मी ठेवून घेतलाय. पण त्यांच्या घरी दुसरा आहे, असं वहिनी म्हणतात.

तपासणीच्या पट्ट्यावर मेस्त्रीला चालवू देत नाहीत. मालकाने चालवायची, नाहीतर मालकाच्या घरच्या माणसाने. वहिनींना गाडी येत नाही. आणि चौदा तारखेपासून मी इथे नाही, लेकीला जुळं झालंय, तिच्या गावी जातोय. माझ्या मागे मास्तरांनी एक जरी नट फिरवला तर गाडी भंगारात जाईल, आणि भंगारात जाण्याआधी आणखी कुठे कुठे जाईल ते सांगता येत नाही.

एक राहिलं. ती पहिल्या दाबाला थांबायची असं तुमच्या वहीत आहे म्हणे. मास्तर हसून सांगत होते. मी गाडी पूर्ण उघडून बघितली आहे. सांगाडा सरळ आहे, कुठे पीळ नाही, ठोक नाही. तुमचंच खरं आहे.

त्यांना दोन शब्द लिहा. ते तुमचं ऐकतात, असं वहिनी म्हणाल्या. मला तसं वाटत नाही, पण लिहा.

आपला,
मेस्त्री


१२ एप्रिल

ढब्ब्या,

पाना खाली ठेव. एकाही नटाला हात लावायचा नाही. गाडीची चावी आत्ताच्या आत्ता वहिनीकडे दे आणि हे पत्र तिला दाखव, म्हणजे दिलीस की नाही ते मला कळेल.

शनिवारी दुपारच्या बसने येते आहे. गुडघ्याचं काय ते मी आणि गुडघा बघून घेऊ. अठ्ठावीस तारीख होईपर्यंत राहीन. का येते ते विचारू नकोस, मी अजून स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.

मेस्त्रीचं पत्र मिळालं. त्यातली ‘तुमचंच खरं आहे’ ही ओळ मी किती वेळा वाचली, ते तुला सांगणार नाही.

ताई


२९ एप्रिल

मेस्त्री,

जुळ्यांना आशीर्वाद, बाळंतिणीला विश्रांती आणि तुम्हाला शाबासकी. गाडी पास झाली! तुम्ही गावी गेलात आणि तुमची आणि ताईची गाठ पडली नाही, म्हणून सगळं लिहून कळवतो. माझ्यासमोर खडू घेऊन उभे आहात असं समजून लिहितोय, तेव्हा खोटं लिहिता येणार नाही.

ताई बसमधून उतरली ती माझ्याकडे न बघता सरळ आमच्या फाटकात. गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्डवर दोन्ही हात ठेवून दाबलं. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. ताई म्हणाली, "हं." बस, तेवढंच. मग तुमच्या वहिनींकडे हात पुढे केला आणि चावी घेतली.

शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर गेलो. मी शेजारी बसलो, म्हणजे शिकवायला. ताईने तीनदा इंजिन बंद पाडलं. मी क्लचवर व्याख्यान सुरू केलं, तर म्हणाली, "बोलू नकोस, मला ऐकू दे तिचं." चौथ्यांदा गाडी निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या, मग जरा वेगात, आणि मैदानाच्या टोकाला तिने ब्रेक दाबला. एकदा. गाडी जिथल्या तिथे, सरळ. आत टाचणी उभी केली असती तर तीही हलली नसती. मी तिच्याकडे बघितलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरलो. म्हटलं, काय होतंय ताई? म्हणाली, "काही नाही रे. तशीच आहे."

मेस्त्री, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सेहेचाळीस वर्षं मी बिघाडालाच गाडी समजत होतो, आणि खऱ्या गाडीची सवय फक्त ताईच्या हातापायांना होती. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडा रागही आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

तिने मलाही शिकवायचा प्रयत्न केला. रोज सकाळी मैदानावर. माझ्या गुडघ्यावर तिची काठी आडवी ठेवायची आणि म्हणायची, "एकदा." मी तीनावरून दोनावर आलो. त्याच्या खाली काही येईना. शेवटी सत्तावीस तारखेला जेवताना ती म्हणाली, "उद्या मी चालवते." आमच्या घरात सगळ्यांना तेच हवं होतं, मला धरून.

तपासणीच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, चालवणार कोण? मी सवयीने उठलो, तर बायकोने मागून सदरा ओढला. ताई म्हणाली, "मी."

"नातं?"

"मालकाची थोरली बहीण."

"लग्न झालेलं असेल ना? मग तुम्ही घरच्या कशा?"

ताई म्हणाली, "ही गाडी घरात आली तेव्हा मी घरातच होते. मालक तेव्हा अर्ध्या चड्डीत होता." रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारकुनाने निमूटपणे लिहून घेतलं. मग म्हणाला, "लायसन्स?"

मेस्त्री, हे राहिलंच होतं! इतके दिवस मैदानावर फिरत होतो, लायसन्सचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पन्नास वर्षांत जिने गाडी चालवली नाही तिच्याकडे ते कुठून असणार? म्हटलं संपलं, आता भंगार. आणि ताईने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून लायसन्स काढलं आणि खिडकीवर ठेवलं. मुदत शिल्लक असलेलं. फोटो गेल्याच वर्षीचा. मी कारकुनाच्या आधी ते उचललं. पहिल्यांदा दिल्याची तारीख एक्कावन्न वर्षांपूर्वीची.

मी म्हटलं, "ताई, दाजींकडे तर साधी सायकलसुद्धा नव्हती."

"नव्हती."

"मग हे?"

"मुदत संपली की नवं करून घ्यायचे," ती म्हणाली आणि कारकुनाकडे वळली.

साहेब तेच होते, खुर्ची नवी होती आणि पट्ट्यापासून बरीच लांब ठेवली होती. ताई निघाली. चाळीस. पांढरी रेघ. एक दाब. गाडी चौकटीच्या मधोमध, रेघेला समांतर, जशी कुणी पट्टी ठेवून आखावी. मग अडथळ्यांवरून नेली, तिथेही तोल ढळला नाही. साहेबांनी शिक्का मारला, कागद दिला आणि जरा घुटमळून म्हणाले, "बाई, परत एकदा करून दाखवता?"

"का? काही राहिलं का?"

"कागदाला नको आहे. मला बघायचंय."

ताईने परत करून दाखवलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यात सर्वांत मोठा आवाज तुमच्या वहिनींचा होता.

ताई आज सकाळच्या बसने परत गेली. मी गाडीने सोडतो म्हटलं, तर म्हणाली, घाटरस्त्यावर दोन दाबांचा माणूस नको. लायसन्सचं मी परत विचारलं, तर तिने विषय बदलला. गाडी तिच्या नावावर करून देतो असं आजच तिला लिहून टाकलंय. तिचीच आहे ती. तुम्ही आलात की कागदपत्रांचं बघू.

तुमचा,
मास्तर


६ मे

चि. ढब्बूस,

आशीर्वाद, या खेपेला सगळे तुलाच.

तुझं पत्र आलं. गाडी माझ्या नावावर करणार म्हणतोस. नको. इथल्या दमट हवेत ती सहा महिन्यांत गंजेल, आणि ठेवायला छप्परही नाही. पण तू एवढ्या मनाने लिहिलंस, तर मलाही आता खरं लिहायला हवं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना विचारलं होतं, गाडी माझ्याबरोबर पाठवता का. थट्टेत विचारलं होतं, पण मनात थट्टा नव्हती. बाबा हसले आणि म्हणाले, ढब्बू मोठा होईल ना आता. तू तिथेच बसून पेन्सिलीला टोक करत होतास. वर मान करूनही बघितलं नाहीस. त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावलेली आहे. तुला कळलं नाही, कारण रागात असले की मी पत्रं चांगली लिहिते.

बस लागते असं मी सांगत आले, आणि दर वेळी तुझ्याकडे बसनेच येत आले. गणिताच्या मास्तरा, हे तुझ्या एकदाही लक्षात आलं नाही. तू न्यायला येतो म्हणायचास, मी नको म्हणायचे. तुझ्या शेजारी प्रवाशासारखं बसून तिचे हाल बघणं मला झेपलं नसतं. गाड्यांत रस नाही हे तर धडधडीत खोटं होतं. टेकडीवरून एखादी गाडी उतरायला लागली की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. वळणावर तिचा ब्रेक कधी लागला ते मला आवाजावरून कळतं.

लायसन्सचं तू विचारत होतास. दर वेळी नवं करायला गेले की खिडकीवरचा कारकून विचारायचा, गाडी कुठली आहे तुमच्याकडे? मी हिचाच नंबर सांगायचे. ह्यांना ते माहीत होतं. एकदाही हसले नाहीत, उलट फोटोसाठी केस नीट कर म्हणायचे.

राग कुठे गेला विचारशील तर पट्ट्यावर गेला, त्या पांढऱ्या रेघेपाशी. दुसऱ्यांदा साहेबांनी करायला लावलं तेव्हा नुसतीच मजा आली. चौकटीतून उतरले तेव्हा तू समोर उभा होतास, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेला, रडून नाक लाल झालेला. मी मनात म्हटलं, ह्या बावळटावर इतकी वर्षं रागावण्यात काय अर्थ होता. मला वाईट वाटलं, ढब्बू. फुकट गेली रे ती वर्षं.

तेव्हा नाव तुझंच राहू दे. फक्त एक कर. एका दाबावर आलास की गाडी घेऊन वर ये. सरावाला किती दिवस लागतील ते वहिनी मला कळवेल, तुझ्या सांगण्यावर मी जाणार नाही. तिला मागे बसव, तिला मोकळी खिडकी दे. वर येताना तू चालव.

उतरताना मी चालवेन. हे गेल्यापासून मी या टेकडीवरून खाली उतरले ती दर वेळी कुणाच्या तरी कामासाठी. आता कुठे जायचं ते मी ठरवणार आहे, आणि अजून ठरवलेलं नाही. टाकी काठोकाठ भरून आण.

तुझी ताई